संरक्षणाची किल्ली कुणाच्या हाती? वर्ध्याचा ठराव आणि आजचे संरक्षण-करार

वर्धा शहराला लागून असलेले नालवाडी हे गाव आज शहरापासून वेगळे ओळखूही येत नाही. परंतु १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे तेथे राहावयास आले, तेव्हा ती समाजाने दूर ठेवलेल्यांची साधी वस्ती होती. सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे विनोबांनी स्वतःच्या देहावर तेथे पडताळून पाहिले. १९३८ मध्ये ते पवनारला गेले आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी पवनारलाच युद्धविरोधी भाषण केले. नालवाडी, पवनार, सेवाग्राम आणि वर्ध्याची बजाजवाडी हा सारा टापू सकाळी निघून संध्याकाळपर्यंत पायी फिरून यावा एवढाच आहे. तरीही १९३९ ते १९४२ या तीन वर्षांत जगातील मोठ्या राष्ट्रांना आजही न सुटलेला एक प्रश्न याच टापूत सर्व बाजूंनी चर्चिला गेला. अनेक देशांनी मिळून संरक्षण करावयाचे ठरले, तर निर्णय कुणी घ्यावा, सैन्य कुणाच्या आज्ञेत असावे आणि त्याची किंमत कुणी मोजावी?

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. जून २०२५ मध्ये हेग येथे नाटोच्या सदस्य राष्ट्रांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम संरक्षण व त्याच्याशी निगडित कामांवर खर्च करण्याचे मान्य केले. त्याआधी मे महिन्यात युरोपीय संघाने शस्त्रखरेदीसाठी १५,००० कोटी युरोंची कर्जयोजना मंजूर केली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबिया व पाकिस्तान यांनी एकावरील आक्रमण हे दोघांवरील आक्रमण मानण्याचा करार केला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी भारत व अमेरिका यांनी पुढील दहा वर्षांच्या संरक्षण सहकार्याच्या आराखड्यावर स्वाक्षऱ्या केल्या. वृत्तपत्रांतून या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. त्या आपल्या घरापर्यंत कशा पोहोचतात हे समजून घ्यावयाचे, तर वर्ध्यात घडलेल्या त्या चर्चेकडे पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल.

न विचारता पुकारलेले युद्ध

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरला असल्याचे जाहीर केले. आठ प्रांतांत त्या वेळी काँग्रेसची निवडून आलेली मंत्रिमंडळे होती. त्यांना कुणीही विचारले नाही. केंद्रीय विधिमंडळालाही विचारले नाही. कायद्याच्या दृष्टीने व्हाइसरॉयची घोषणा पुरेशी होती, कारण भारताचे परराष्ट्रधोरण आणि संरक्षण ही दोन्ही खाती लंडनच्या अधिकारात होती. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारांकडे शाळा, दवाखाने आणि रस्ते होते. सैन्य मात्र नव्हते.

काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यात बसली आणि १४ सप्टेंबर १९३९ रोजी तिने एक निवेदन प्रसिद्ध केले. नाझी आक्रमणाचा तिने स्पष्ट निषेध केला. त्याच वेळी तिने ब्रिटनला विचारले की, हे युद्ध लोकशाहीसाठी असेल, तर त्या लोकशाहीत भारताचा समावेश आहे काय? समाधानकारक उत्तर मिळाले नाही आणि काही आठवड्यांतच प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.

जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना कार्यकारिणी पुन्हा वर्ध्यात भरली. तेव्हा मतभेद घरातच होता. देशाच्या बाह्य संरक्षणासाठीही अहिंसेचाच अवलंब करावा, ही गांधीजींची भूमिका स्वीकारणे आपल्याला शक्य नाही, असे कार्यकारिणीने नम्रपणे पण निःसंदिग्धपणे सांगितले आणि गांधीजींना त्या जबाबदारीतून मोकळे केले. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या अधिवेशनात, केंद्रात राष्ट्रीय सरकार स्थापन झाल्यास संरक्षणाच्या कामात पूर्ण सहकार्य करू, असा प्रस्ताव मांडण्यात आला. ८ ऑगस्ट १९४० रोजी व्हाइसरॉयनी दिलेल्या उत्तरात सल्लागार मंडळे होती, कार्यकारी मंडळात काही जागाही होत्या, अधिकार नव्हता. त्यानंतर विनोबा पवनारला सत्याग्रहासाठी उभे राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वर्ध्याच्या परिसरात युद्धाला सर्वस्वी नकार देणारे होते आणि स्वतंत्र राष्ट्र म्हणून युद्धात उतरण्यास तयार असणारेही होते. दोघांचे एकमत एका मुद्द्यावर होते: ज्यांची मुले मरणार, त्यांच्या संमतीवाचून युद्धाचा निर्णय होऊ नये.

उपाहारगृहांचा मंत्री

१९४२ च्या आरंभी युद्ध भारताच्या दारात आले. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले, ८ मार्चला रंगून पडले, ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकीनाडा येथे जपानी बाँब पडले. त्याच दिवसांत सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीत वाटाघाटी करीत होते. युद्धानंतर स्वातंत्र्य देण्याचे आश्वासन त्यांनी आणले होते. परंतु युद्ध चालू असेपर्यंत भारताच्या संरक्षणाचे नियंत्रण व दिग्दर्शन ब्रिटिश सरकारकडेच राहील, असे त्यांच्या मसुद्यात स्पष्ट लिहिले होते.

बोलणी अडली ती मुख्यतः या मुद्द्यावर. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद व पंडित नेहरू यांचा आग्रह असा की, संरक्षणमंत्री भारतीय असावा. लढाईची प्रत्यक्ष सूत्रे सरसेनापतीकडे राहण्यास त्यांची हरकत नव्हती. तोड म्हणून सरसेनापती वेव्हेल यांच्याकडे युद्धखाते ठेवावे आणि भारतीय सदस्याकडे उरलेले संरक्षणखाते द्यावे, असे सुचविण्यात आले. या उरलेल्या खात्यात काय काय होते? सैनिकांची उपाहारगृहे, लष्करासाठी लागणारे कागद व छपाई, पेट्रोलचा पुरवठा, जनसंपर्क, सैनिकांच्या सुखसोयी आणि परदेशी पाहुण्यांचे आदरातिथ्य! भारताच्या संरक्षणमंत्र्याने पाहुण्यांच्या चहापाण्याची व्यवस्था पाहावी आणि देश वाचवायचा की सोडायचा हे दुसऱ्याने ठरवावे, असा त्याचा सरळ अर्थ होता.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे प्रतिनिधी कर्नल लुई जॉन्सन यांनी मध्यस्थी करून ही विभागणी काहीशी सुधारण्याचा प्रयत्न केला. पण चर्चिल यांचे युद्धमंत्रिमंडळ आणि व्हाइसरॉय यांना ते रुचले नाही. १० एप्रिल रोजी काँग्रेसने प्रस्ताव नाकारला आणि दोन दिवसांनी क्रिप्स परतले.

ब्रिटिशांच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखे होते, हे मान्य करावयास हवे. शत्रू सीमेवर आला असताना सैन्याची आज्ञाव्यवस्था बदलणे धोक्याचे असते. मुस्लिम लीगचा काँग्रेसच्या सरकारवर विश्वास नव्हता आणि सैन्यभरती मोठ्या प्रमाणात पंजाबातून होत होती. तथापि ज्या अडचणी पुढे केल्या गेल्या, त्यांतील एकही अडचण भारतीय संरक्षणमंत्र्याला उपाहारगृहे देऊन सुटणारी नव्हती. येथे संस्था उभी करण्यात आली होती ती अधिकार वाटून घेण्यासाठी नव्हे, तर अधिकार न वाटल्याचे झाकण्यासाठी.

सेवाग्रामहून गेलेले पत्र

यानंतर जे घडले ते आपल्या शालेय इतिहासात सहसा येत नाही. मे महिन्यात गांधीजींनी ब्रिटिशांना भारत सोडून जाण्यास सांगितले, तेव्हा जगभर शंका व्यक्त झाली की, मग जपान्यांना वाट मोकळी होणार नाही काय? गांधीजींनी या आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार केला. फेब्रुवारीत कलकत्त्याला ते चीनचे नेते च्यांग कै-शेक यांना भेटले होते. चीनचा घात होईल असे काही आपल्या हातून घडू नये, ही त्यांची चिंता होती. १ जुलै १९४२ रोजी त्यांनी सेवाग्रामहून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. अमेरिकन पत्रकार लुई फिशर ते घेऊन गेले. त्या पत्रात त्यांनी सुचविले की, दोस्त राष्ट्रांना आवश्यक वाटल्यास त्यांनी आपले सैन्य भारतात ठेवावे. मात्र ते स्वतःच्या खर्चाने ठेवावे, देशांतर्गत बंदोबस्तासाठी नव्हे तर जपानी आक्रमण रोखण्यासाठी व चीनच्या रक्षणासाठी ठेवावे, आणि स्वतंत्र भारताच्या सरकारशी तह करून ठेवावे.

१४ जुलै १९४२ रोजी कार्यकारिणीने वर्ध्यात संमत केलेल्या ठरावात, ब्रिटिश सत्ता संपावी या मागणीच्या जोडीनेच, दोस्तांचे सैन्य भारतात राहू देण्याची तयारी नोंदली गेली. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘भारत छोडो’चा ठराव संमत झाला. त्याचा एक भाग क्वचितच आठवला जातो. स्वतंत्र राष्ट्रांचा एक जागतिक संघ निर्माण व्हावा, त्यात निःशस्त्रीकरण शक्य होईल, राष्ट्रांना स्वतंत्र सैन्ये बाळगण्याची गरज उरणार नाही आणि संघाचे एक संरक्षणदल जगाची शांतता राखील, असे त्यात म्हटले होते. अशा संघात भारत आनंदाने सामील होईल, असेही त्यात होते. दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांना अटक झाली.

अहिंसेच्या उपासकाने परकीय सैन्याला राहू देण्याच्या अटी लिहाव्यात, यात विसंगती दिसेल. परंतु त्या अटी नीट वाचल्या, तर संयुक्त संरक्षणाची तीन कलमी कसोटीच त्यांत सापडते. करार स्वतंत्र आणि जनतेला जबाबदार असलेल्या सरकारने केलेला असावा. सैन्याचे प्रयोजन मर्यादित आणि आधी सांगितलेले असावे; ते यजमान देशाच्या जनतेविरुद्ध वापरले जाऊ नये. आणि खर्चाचा भार कुणावर, हे आधी ठरलेले असावे.

या तीनही अटी नाकारल्यावर काय होते, हे पुढील वर्षांत दिसले. भारतीय सैन्याची संख्या वाढून वीस लाखांच्या वर गेली. ब्रिटनने आपल्या वाट्याचा खर्च देण्याचे कबूल केले होते, पण तो लंडनमधील खात्यात जमा होत राहिला आणि भारतात त्याच्या आधारावर नोटा छापल्या गेल्या. महागाई भडकली. युद्धाअखेर ब्रिटनकडे भारताचे सुमारे १३० कोटी पौंड येणे झाले होते. कागदावर आपण सावकार होतो. त्याच काळात जपानी सैन्याच्या हाती पडू नयेत म्हणून बंगालच्या किनारी भागातील बोटी लष्करी धोरणानुसार काढून घेण्यात आल्या. कोळ्यांची मासेमारी बंद पडली, धान्याची ने-आण खुंटली. १९४३ च्या दुष्काळाची कारणे अनेक आहेत, परंतु हे त्यांपैकी एक होते. सुमारे तीस लाख माणसे मेली. संरक्षणाचा निर्णय कुणी घेतला, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने चुलीपर्यंत येऊन पोहोचते.

खुर्ची आणि सत्ता

आणखी एक विलक्षण गोष्ट. १ जानेवारी १९४२ रोजी वॉशिंग्टनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर ज्या सव्वीस देशांची नावे होती, त्यांत भारताचेही नाव स्वतंत्रपणे होते. म्हणजे संस्थेत खुर्ची मिळाली होती; देश मात्र परतंत्र होता. यावरून एक सूत्र हाती येते: खुर्ची आणि सत्ता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. संयुक्त संरक्षणाच्या प्रत्येक संस्थेत हे अंतर मोजून पाहावे लागते.

नाटोचेच उदाहरण घ्या. १९४९ साली बारा राष्ट्रांनी तो करार केला. आज सदस्य बत्तीस आहेत. निर्णय एकमताने होतात, म्हणजे कागदावर लहानमोठे सर्व समान. नाटोचा सरचिटणीस नेहमी युरोपीय असतो. पहिले सरचिटणीस लॉर्ड इस्मे हे १९४७ मध्ये दिल्लीत माउंटबॅटन यांचे प्रमुख साहाय्यक होते. परंतु युरोपातील सर्वोच्च सेनापतिपद १९५१ मध्ये जनरल आयझेनहॉवर यांनी स्वीकारले, तेव्हापासून ते कायम अमेरिकन अधिकाऱ्याकडे आहे. वर्ध्याच्या नेत्यांना १९४२ मध्ये जी विभागणी देऊ केली गेली तिच्याशी याचे साम्य चटकन लक्षात येते. फरक मोठा आहे तो असा की, युरोपीय देशांनी ती स्वतंत्रपणे आणि आपापल्या संसदांच्या संमतीने स्वीकारली आणि न पटल्यास बाजूला होण्याचा मार्ग त्यांना खुला राहिला. १९६६ मध्ये फ्रान्स एकत्रित लष्करी आज्ञाव्यवस्थेतून बाहेर पडला आणि २००९ मध्ये स्वेच्छेने परत आला. त्याच्यावर कुणी चाल करून गेले नाही.

एकमताच्या नियमामुळे लहान राष्ट्रालाही वजन मिळते, पण त्याचा वापर नेहमी तत्त्वासाठीच होतो असे नाही. स्वीडनने मे २०२२ मध्ये नाटोचे सदस्यत्व मागितले. तुर्कस्तान व हंगेरी यांनी ते रोखून धरल्यामुळे प्रवेश ७ मार्च २०२४ रोजी झाला. युरोपीय संघातही संरक्षणविषयक निर्णयांना एकमत लागते, म्हणून युक्रेनसाठीच्या लष्करी साहाय्याची रक्कम एकट्या हंगेरीला दीर्घकाळ अडविता आली.

कॅथलिक वाचकांना आपलासा वाटावा असा एक प्रयत्न युरोपात झाला होता. रॉबर्ट शुमन, कॉनराड आडेनाउअर आणि आल्चिदे दे गास्पेरी या तीन श्रद्धावंत कॅथलिक राजकारण्यांच्या काळात फ्रान्स, जर्मनी, इटली व अन्य तीन देशांनी २७ मे १९५२ रोजी एका युरोपीय संरक्षण समुदायाचा तह केला. काल-परवापर्यंत एकमेकांचे गळे घोटणारे सैनिक एकाच गणवेशात उभे राहणार होते. दे गास्पेरी यांचा आग्रह असा होता की, सामाईक सैन्य असेल तर त्याच्यावर लोकनियुक्त सभेचे नियंत्रण हवे. अन्यथा ते कुणालाच उत्तरदायी राहणार नाही. त्यासाठी तहात खास कलम घालण्यात आले. ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रेंच संसदेने हा तह ३१९ विरुद्ध २६४ मतांनी निकालात काढला. दे गास्पेरी अकरा दिवस आधीच निवर्तले होते. ज्या भीतीपोटी तह नाकारला गेला, ते जर्मनीचे शस्त्रीकरण पुढल्या वर्षी नाटोच्या मार्गाने झालेच. सैन्यावर लोकनियुक्त युरोपीय सभेचा अंकुश मात्र आला नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतही सामाईक सैन्याची तरतूद आहे. सदस्य राष्ट्रांनी सुरक्षा परिषदेला सैन्य उपलब्ध करून देण्याचे करार करावेत, असे ४३ वे कलम सांगते. पाच बड्या राष्ट्रांच्या सेनाप्रमुखांची समिती ४७ व्या कलमात आहे. असा एकही करार आजवर झालेला नाही आणि ती समिती नावापुरती उरली आहे. प्रत्यक्षात जी शांतिसेना उभी राहिली तिच्यात भारतासारख्या देशांचे जवान जातात आणि मोहीम कोठे व कशासाठी हे सुरक्षा परिषद ठरविते, जिच्यात भारताला कायमचे स्थान नाही. ज्या देशाचे सैन्य वापरावयाचे, त्याला निर्णयात सहभागी करून घ्यावे, असे ४४ वे कलम म्हणते. भारत त्याचा आग्रह धरतो, तेव्हा तो वर्ध्याचाच मुद्दा पुढे नेत असतो.

स्वतंत्र भारताचा मार्ग

स्वातंत्र्यानंतर भारताने लष्करी गटांपासून दूर राहणे पसंत केले. १९५४ मध्ये मनिला येथे आग्नेय आशियाचा संरक्षण-करार झाला, पाकिस्तान त्यात गेला. भारत गेला नाही. १९७७ मध्ये ती संघटना विसर्जित झाली. दूर राहण्याचीही किंमत असते. नोव्हेंबर १९६२ मध्ये चिनी आक्रमणापुढे पंडित नेहरूंना अमेरिकेकडे लढाऊ विमानांची मागणी करावी लागली. ९ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने सोव्हिएत संघाशी मैत्रीचा तह केला. संकट आल्यास उभय देशांनी तातडीने विचारविनिमय करावा, एवढेच त्याचे ९ वे कलम सांगत होते. एकमेकांसाठी लढण्याचे बंधन त्यात नव्हते. भारताने मदतीची वाट खुली ठेवली आणि निर्णय आपल्या हाती ठेवला.

गेल्या काही वर्षांत भारताने अमेरिकेशी परस्परांच्या तळांवर इंधन व रसद घेण्याचा करार २०१६ मध्ये, सुरक्षित दळणवळणाचा करार २०१८ मध्ये आणि नकाशे व भूस्थानिक माहितीचा करार २०२० मध्ये केला. मलबार या नौदल सरावात अमेरिकेबरोबर जपान आणि ऑस्ट्रेलिया हेही सहभागी होतात. यांपैकी काहीही नाटोसारखे परस्पर-रक्षणाचे वचन नाही आणि भारतात परकीय सैन्याचा तळ नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. आपल्या सरकारवर १९३९ च्या व्हाइसरॉयचा आरोप कुणी करू शकणार नाही. ते निवडून आलेले आहे.

तथापि वर्ध्याच्या कसोटीतील पहिली अट केवळ स्वतंत्र सरकारची नव्हती. त्या सरकारने जनतेला उत्तर द्यावे, ही तिची दुसरी बाजू होती. आपल्या राज्यघटनेनुसार परराष्ट्रांशी करार करणे हे कार्यकारी सत्तेचे काम आहे. त्यासाठी संसदेची संमती घेण्याचे बंधन नाही. अमेरिकेत नाटोचा तह १९४९ मध्ये सिनेटपुढे गेला, तेथे जाहीर चर्चा झाली आणि ८२ विरुद्ध १३ मतांनी तो संमत झाला. आपल्याकडे दहा-दहा वर्षांचे आराखडे परदेशी राजधान्यांतील समारंभात स्वाक्षरीत होतात आणि खासदारांना त्यांविषयी बहुधा वृत्तपत्रांतूनच कळते. लष्करी गुपिते गुप्त राहावीत, यात शंका नाही. पण आपण कुणाला कोणते वचन दिले, त्याची मर्यादा काय आणि खर्च किती, हे गुपित असण्याचे कारण नाही.

पुलगावची आग

वर्ध्याहून मुंबईकडे जाणारी आगगाडी पुलगावला थांबते. तेथील मध्यवर्ती दारूगोळा भांडार हे देशातील सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक आहे. ३०-३१ मे २०१६ च्या रात्री तेथे आग लागली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह डझनाहून अधिक जवान व अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि आसपासच्या खेड्यांतील माणसांना रात्रीच घरे सोडावी लागली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना पुलगावजवळ स्फोट झाला; त्यात सहा जण मेले, त्यांत रोजंदारीवर गेलेले मजूर होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा येथील आयुध निर्माणीतील स्फोटात आठ कामगारांचा अंत झाला.

ज्या जिल्ह्यात जगाच्या निःशस्त्रीकरणाचा विचार मांडला गेला, त्याच जिल्ह्यात देशाचा दारूगोळा साठविलेला आहे. याला दैवाचा खेळ म्हणून सोडून देता येत नाही. देशाला संरक्षण हवे आहे आणि दारूगोळा कोठेतरी ठेवावा लागणारच. प्रश्न असा की, संरक्षण-धोरणाची चर्चा करताना दिल्ली, वॉशिंग्टन आणि ब्रसेल्स यांची नावे येतात; पुलगावच्या रोजंदारी मजुराचे नाव येत नाही. शस्त्रनिर्मितीत भारताने निर्यातदार व्हावे, असे आज ठरले आहे आणि विदर्भात त्याचे कारखाने वाढत आहेत. रोजगार येत असेल तर त्याचे स्वागत व्हावे. पण सुरक्षिततेचे नियम, ठेकेदाराकडील मजुराचा विमा, भांडाराभोवतीच्या गावांना दिलेली माहिती या गोष्टीही संरक्षण-धोरणाचाच भाग आहेत. खर्च कुणावर, ही वर्ध्याची तिसरी अट येथे लागू होते. हा खर्च रुपयांत मोजून संपत नाही.

मुंबईत केलेले आवाहन

या विषयावर ख्रिस्तसभेची शिकवण भाबडी नाही. राष्ट्रांवर अधिकार चालविणारी समर्थ जागतिक सत्ता अस्तित्वात येत नाही, तोवर आत्मसंरक्षणाचा हक्क सरकारांना नाकारता येणार नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मान्य केले. त्याच दस्तऐवजात युद्धाला सर्वस्वी बंदी घालणाऱ्या अशा सत्तेसाठी प्रयत्न करण्यासही सांगितले. त्यापूर्वी दोन वर्षे पोप जॉन तेविसावे यांनी ‘पाचेम इन तेरिस’ या विश्वपत्रात सर्वांच्या संमतीने उभी राहिलेली, बळाने न लादलेली जागतिक व्यवस्था मागितली होती. गवालिया टँकवरील ठराव आणि हे विश्वपत्र यांचे उगम वेगळे. तरी दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

आपल्या महाराष्ट्राशी याचा आणखी जवळचा संबंध आहे. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखॅरिस्तिक परिषदेसाठी पोप पॉल सहावे मुंबईला आले होते. आपल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींनी त्या दिवसांच्या आठवणी सांगितल्या असतील. त्या भेटीत पत्रकारांशी बोलताना त्यांनी राष्ट्रांना आवाहन केले की, शस्त्रस्पर्धा थांबवावी आणि तो पैसा विकसनशील देशांच्या साहाय्यासाठी वळवावा. १९६७ च्या आपल्या विश्वपत्रात त्यांनी या मुंबईतील आवाहनाचा आवर्जून पुनरुच्चार केला. साठ वर्षांनंतर, स्टॉकहोम येथील शांतता संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार, २०२४ या एका वर्षात जगाने लष्करावर सुमारे २,७१,८०० कोटी डॉलर खर्च केले; आदल्या वर्षाहून ही वाढ ९.४ टक्क्यांची होती. भारताच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपयांची तरतूद होती. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी पहिल्याच अभिवादनात निःशस्त्र आणि इतरांनाही निःशस्त्र करणाऱ्या शांतीची भाषा वापरली, ती या पार्श्वभूमीवर.

आपण काय करू शकतो, असे एखादा धर्मग्रामस्थ विचारील. आंतरराष्ट्रीय करार आपल्याला विचारून होत नाहीत, हे खरे. पण खासदार मत मागावयास येतो, ग्रामसभा भरते, कारखान्यासाठी जमीन घेताना जाहीर सुनावणी होते. त्या प्रत्येक ठिकाणी वर्ध्याच्या तीन अटींचे तीन प्रश्न करून विचारता येतात. हा निर्णय कुणी घेतला आणि तो कुणाला उत्तर देतो? याचे प्रयोजन काय आणि त्याची मर्यादा कोणती? आणि याची किंमत कोण मोजणार? आपल्या घरांतील मुलगे व मुली सैन्यात आहेत; त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो. हे प्रश्न विचारणे त्यांच्या विरोधात जाणे नव्हे. त्यांच्या प्राणांची किंमत त्यांना न विचारता कुणी ठरवू नये, एवढीच त्यामागची भावना आहे.

विनोबांनी पुढे ‘जय जगत्’ ही घोषणा दिली, तेव्हा तिला अनेकांनी स्वप्नरंजन म्हटले. जगाचा एक संघ आणि त्याचे एक शांतिदल ही कल्पना १९४२ इतकीच आजही दूर आहे. पण राष्ट्रांनी एकत्र येऊन संरक्षण करावयाचे हे आता सर्वांनीच मान्य केले आहे. वाद उरला आहे तो त्यात माणसांच्या संमतीला किती जागा असावी, याचा. वर्ध्याच्या नेत्यांनी उपाहारगृहांचे खाते नाकारले आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करला. आपल्याला तुरुंगात जावयाचे नाही. पुढच्या वेळी एखादा करार वर्तमानपत्रात दिसला, की त्याचे पान उलटण्यापूर्वी ते तीन प्रश्न विचारावयाचे आहेत.